पंखा गेला, पट्टा राहिला

श्रावणातली सकाळ होती. पनवेलहून चिरनेरला निघालो होतो, महागणपतीच्या दर्शनाला. रात्रभर पाऊस कोसळून गेला होता, भाताची खाचरं तुडुंब भरली होती आणि रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. गाडी सुरू करतानाच बॉनेटखालून कर्कश चित्कार उठला होता. दोन मिनिटांत तो विरला, म्हणून मी दुर्लक्ष केलं. गावाच्या अलीकडे गाडी एका डबक्यातून गेली आणि तो आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी थांबायचं नाव घेईना. समोर पत्र्याची शेड दिसली, बाहेर टायर रचलेले. गाडी तिथेच घातली.

मिस्त्रींनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. बाह्या वर सारून, अंग बाजूला ठेवून त्यांनी बाटलीतल्या पाण्याची बारीक धार फिरत्या पट्ट्यावर सोडली. आवाज दुप्पट झाला. "पानी मारला का पट्टा खरा बोलतंय," ते म्हणाले. "आवाज दबला असता तर पुली वाकडी. वाढला म्हंजे ताण गेलाय. फॅन बेल्ट बदलायला लागंल, काका."

मी आत वाकून पाहिलं. रेडिएटरच्या मागे पंखा होता, पण त्याच्यापर्यंत कुठलाच पट्टा पोचत नव्हता. पंख्याला स्वतःची वीजमोटर होती. पट्टा इंजिनाच्या कुशीला होता आणि तो अल्टरनेटर, एसीचा कंप्रेसर आणि पाण्याचा पंप फिरवत होता. त्याच्या सगळ्या कामांत पंखा कुठेच नव्हता, तरी त्याचं नाव फॅन बेल्ट.

हे नाव त्याला कुठून चिकटलं, हे शोधायचं तर या पट्ट्याचं कूळ पाहावं लागतं. ते कूळ मोटारीपेक्षा कितीतरी जुनं आहे आणि त्याच्या प्रत्येक पिढीपुढे एकच प्रश्न होता: ताण. सैल पडला तर पट्टा घसरतो, फार ताठ झाला तर बेअरिंग खातो. मधला ताण कोणी राखायचा आणि कसा, याचीच ही कुळकथा.

माळ आणि वादी

संस्कृतातल्या 'अरघट्ट'चा मराठीत 'रहाट' झाला आणि त्याने दोन संसार मांडले. एक विहिरीवर, एक घरात. अलिबाग-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत पाणी उपसणारा तो रहाट, आणि सूत कातणारा चरखा तोही रहाटच. दोघांच्याही अंगावर माळ. विहिरीच्या रहाटावरून गाडग्यांची माळ खाली सुटायची आणि भरलेल्या गाडग्यांच्या वजनानेच ती ताणलेली राहायची. तिथे ताण राखायला वेगळा माणूस लागत नव्हता. पाणीच ते काम करायचं.

घरातल्या रहाटाची गोष्ट वेगळी. त्याची माळ म्हणजे सुताची पिळलेली दोरी, मोठ्या चाकावरून निघून बारीक चातीला वेढा घालून परत येणारी. हाताने चाक एकदा फिरवलं की चाती कितीतरी वेळा गरगरते. मोटारीतला पट्टा आजही नेमकं हेच करतो. इंजिनाची क्रँक पुली मोठी, अल्टरनेटरची पुली लहान. क्रँकचा एक फेरा झाला की अल्टरनेटरचे दोन-तीन होतात. म्हणून सिग्नलला गाडी मंद धुगधुगत उभी असतानाही दिवे लागतात आणि बॅटरी भरत राहते. चरख्याची ही युक्ती भारतात निदान साडेसहाशे वर्षांची तरी आहे. दख्खनेत बहमनी दरबारी १३५० साली इसामीने लिहिलेल्या 'फुतूह-उस-सलातीन' या फारसी काव्यात चरख्याचा उल्लेख येतो.

चरख्याचं नाव निघालं की चिरनेरमध्ये १९३० साल आठवणारच. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. चिरनेर तेव्हा पनवेल तालुक्यात होतं, आज उरण तालुक्यात आहे. गोळीबारात चिरनेर, जुई, कोप्रोली, खोपटे, दिघोडे अशा गावांचे आठ जण हुतात्मा झाले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी गोळीला बळी पडले. त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पेटीत मावणारा, हातात धरून कुठेही नेता येणारा जो चरखा पुढे 'येरवडा चक्र' म्हणून घरोघर गेला, तो त्यांच्या येरवड्याच्या दिवसांतला. पेटी लहान करायची तर मोठं चाक बसत नाही, म्हणून त्यात दोन चाकं आणि दोन माळा आल्या. पहिली माळ मोठ्या चाकावरून धाकट्या चाकावर आणि दुसरी धाकट्यावरून चातीवर. गती दोन टप्प्यांत वाढवायची. यंत्राच्या भाषेत ही पट्ट्यांची साखळीच, आणि ती लाखो लोकांनी मांडी घालून, स्वतःच्या बोटांनी जुळवली.

माळेची चामडी बहीण म्हणजे वादी. पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गोल, करंगळीहून बारीक चामड्याची दोरी, खालच्या लोखंडी चाकावरून वरच्या लहान चाकाकडे जाणारी. तिची दोन टोकं एका वाकवलेल्या तारेने जोडलेली असत. वापरून वापरून वादी लांबली की मशीन 'ओढत' नाही. मग आई ती तार काढायची, वादीचं बोटभर टोक कात्रीने कापायची, टोच्याने नवं भोक पाडायची आणि तार पुन्हा अडकवायची. किती कापायचं याचं माप तिच्या हातात होतं. जास्त कापलं तर पायंडल जड जाई, कमी कापलं तर महिनाभराने पुन्हा तीच कथा. ताण राखण्याची ही दुसरी रीत: कापा आणि जोडा.

गिरणीच्या छताखाली

'पट्टा' हा शब्द यंत्राला चिकटला त्याआधी कमरेला आणि कागदाला चिकटलेला होता. संस्कृत 'पट्ट' म्हणजे कापडाची किंवा धातूची लांबट पट्टी. त्यातून पट्टी, पाट, पाटी, ताम्रपट आले. गावचा पाटीलही जुन्या लेखांतल्या 'पट्टकिल'चा वंशज. कमरपट्टा, दांडपट्टा, जमिनीचा पट्टा, कचेरीतला पट्टेवाला ही सगळी एकाच घरची भावंडं. इंग्रजांचा 'बेल्ट'सुद्धा लॅटिन 'बाल्टेउस'पासून आला, आणि त्याचाही अर्थ तलवार अडकवायचा पट्टा. दोन्ही भाषांनी ही वस्तू आधी माणसाला बांधली आणि मग यंत्राला.

मराठी माणसाची यंत्राच्या पट्ट्याशी मोठी गाठ पडली ती मुंबईत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे गिरणगाव उभं राहिलं आणि कोकणातली, घाटावरची माणसं तिथे लोटली. त्या काळात प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. तळाशी एकच वाफेचं इंजिन, त्याच्या प्रचंड चाकावरून दोर वरच्या मजल्यांवर गेलेले, प्रत्येक मजल्यावर छतालगत भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी दंड फिरत असलेला, आणि त्या दंडावरून प्रत्येक यंत्राकडे चामड्याचा एकेक पट्टा उतरलेला. खात्यात पाऊल टाकलं की सूत दिसण्याआधी पट्ट्यांचं रान दिसायचं. एकाची ताकद अनेकांना वाटून देण्याचं काम पट्ट्याने इथे शिकून घेतलं आणि तेच तो पुढे मोटारीत घेऊन गेला.

गुळगुळीत चाकाला गुळगुळीत पट्टा धरून ठेवतो कसा, याचं उत्तर उरणकडच्या करंजाच्या किंवा मोऱ्याच्या धक्क्यावर मिळतं. होडी ओढ घेत असते आणि खलाशी दोराचे दोन वेढे खुंटाला घालून एका हाताने टोक धरून उभा असतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचा हिशेब मांडला. घर्षणांक ०.३ धरला तर एक पूर्ण वेढा सुमारे साडेसहापट ओढ रोखतो आणि दोन वेढे सुमारे त्रेचाळीसपट. वेढा वाढला की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. पण त्या खलाशाने हातातलं टोक सोडून दिलं तर किती का वेढे असेनात, दोर सुटणारच. गुणायला काहीतरी हातात हवं, आणि ते काहीतरी म्हणजे ताण.

गिरणीच्या पट्ट्याला आणखी एक खोड होती, ती म्हणजे चाकावरून घसरून बाजूला पडण्याची. त्यावरचा इलाज सोपा आणि देखणा. चाकाची धाव सपाट न ठेवता मध्ये किंचित फुगीर ठेवायची. पट्टा खोलगट जागी घसरेल असं आपल्याला वाटतं, पण तो उंचवट्यावर चढतो आणि मधोमध स्थिर राहतो. दोन चाकं उलट दिशांनी फिरवायची असतील तर पट्ट्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तिढा द्यायचा. घसरला की राळेची पूड शिंपडायची.

हे पट्टे माणूसही ओढून घ्यायचे. धोतराचा सोगा, अंगरख्याची बाही, कधी हातच. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात मुलांच्या कामाच्या तासांसोबत धोकादायक यंत्रांना कुंपण घालायची तरतूद आली, त्यामागे ही छताखालची धावपळही होती. चालत्या पट्ट्याजवळ सैल कपडा नको, हा मिस्त्रींनी बाह्या वर सारताना पाळलेला नियम त्या दिवसांतून चालत आलेला आहे.

गिरणीतला पट्टा हटवला तो इथल्याच रायगडात बनलेल्या विजेने. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीला वीज केली आणि १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वाफेचं इंजिन गेलं. पुढे यंत्रागणिक मोटर आली तसतसे छताचे दंड उतरले. पट्टा मात्र बेकार झाला नाही. तो खेड्यात आला. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला आणि गावोगाव डिझेल इंजिनावर पिठाच्या गिरण्या आणि भातगिरण्या चालू लागल्या. चार बोटं रुंदीचा, कापड आणि रबराचे थर असलेला तो पट्टा इंजिनापासून जात्यापर्यंत लांब धावायचा. जोड पुलीवरून जाताना दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज यायचा. डोक्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्या टक्-टक्‌च्या लयीवरून कळायचं, गिरणी रमली आहे की दमली आहे. सैल पडलेला पट्टा कापून जोडायचा, किंवा इंजिनच पायावर थोडं मागे सरकवून बोल्ट आवळायचे. ताणाची ही तिसरी रीत: जागा सरकवा.

मोटारीतली पाचर

मोटार जन्मली तीच पट्टा बांधून. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत इंजिनाची ताकद आडव्या दंडाकडे न्यायला चामड्याचा पट्टाच होता. पुढच्या गाड्यांत चाकं फिरवायला दातेरी चक्रं आणि दंड आले, पण एक काम पट्ट्याकडे उरलं: रेडिएटरमागचा पंखा. हेन्री फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीमध्ये पंख्याला चामड्याचा सपाट पट्टा होता. हाच खरा, नावाप्रमाणे वागणारा फॅन बेल्ट. त्या दिवसांत पट्ट्याचं काम एवढंच होतं, म्हणून नावही एवढंच ठेवलं गेलं. पट्टा तुटला तर पंखा थांबायचा, पाणी उकळायचं, आणि चालक गाडी झाडाखाली लावून बसायचा.

सपाट चामडं इंजिनाशेजारी फार टिकत नव्हतं. तेल उडायचं, चिखल लागायचा, आणि दोन पुल्यांमधलं अंतर इतकं कमी की वेढा तोकडा पडायचा. अमेरिकेत डेन्व्हरच्या गेट्स कंपनीत जॉन गेट्सने १९१७ साली सपाट पट्ट्याऐवजी रबर आणि दोऱ्यांचा, तिरप्या बाजूंचा पट्टा आणला. इंग्रजीतल्या व्ही अक्षराच्या आकाराचा, म्हणून व्ही-बेल्ट. आपल्याकडे त्याला सरळ पाचर म्हणता येईल. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकली की ती जितकी आत जाते तितकी घट्ट बसते. हा पट्टाही तसाच. ओढ आली की तो पुलीच्या खाचेत आणखी खाली रुततो आणि दोन्ही भिंतींना दाबतो. खाचेचा कोन सुमारे चाळीस अंश धरला तर तेवढ्याच ताणावर सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट पकड मिळते. वेढा तोकडा होता, त्याची भरपाई पाचरीने केली.

रबराची उणीव भरली ती रसायनशाळेत. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकासोबत रबर भाजून ते टिकाऊ केलं होतं, पण इंजिनाचं तेल आणि उष्णता साध्या रबराला सोसवत नसे. १९३० च्या एप्रिलमध्ये ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत, कॅरोदर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या आर्नोल्ड कॉलिन्सला एक कृत्रिम रबर मिळालं, पुढे निओप्रीन म्हणून ओळखलं गेलेलं. अक्कादेवीच्या रानातला सप्टेंबर आणि हा एप्रिल एकाच सालातले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण चिरनेरच्या शेडमध्ये त्या जातीच्या रबराचे जुने पट्टे खिळ्याला टांगलेले दिसले, तेव्हा ही दोन्ही सालं मनात शेजारी येऊन बसली.

दरम्यान पंख्याच्या पट्ट्याचा संसार वाढत चालला होता. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर आणला, त्यासाठी बॅटरी आली आणि बॅटरी भरायला डायनमो. तो फिरवणार कोण? जो आधीपासून तिथे फिरतोय तोच. मग पाण्याचा पंप आला आणि पंखा त्याच्याच दांड्यावर बसला. मुंबईकरांनी हा संसार पाहिला तो फियाट आणि प्रीमियर पद्मिनीत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या या गाडीचं बॉनेट उघडलं की एकच व्ही-बेल्ट तीन पुल्यांभोवती त्रिकोण करून दिसायचा: खाली क्रँक, वर पंखा आणि पंप, बाजूला डायनमो, पुढच्या काळात अल्टरनेटर.

त्या पट्ट्याची तपासणी म्हणजे अंगठा. टॅक्सीवाले सकाळी पाणी-तेल पाहताना दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने पट्टा दाबायचे. बोटाच्या पेरभर दबला तर ठीक. त्याहून जास्त दबला तर डायनमोच्या लांबट खाचेतला नट ढिला करायचा, टॉमी घालून डायनमो बाहेर रेटायचा, आणि एका हाताने रेटून धरूनच दुसऱ्याने पाना आवळायचा. गिरणीतली जागा सरकवायची रीत इथे वीतभर खाचेत आली होती. रेटण्याचं बळ किती, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं; ते अंगठ्यात आणि खांद्यात होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मुंबईत पट्ट्यांवर चालणारी गिरणी सुरू झाली तीही ताडदेवलाच.

पंखा गेला

पंख्याची आणि पट्ट्याची ताटातूट केली ती इंजिनाच्या बैठकीने. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं. पद्मिनीचं इंजिन उभं असायचं, तोंड रेडिएटरकडे, त्यामुळे पुलीसमोर पंखा आपसूक यायचा. आडव्या इंजिनाची पुली चाकाच्या बाजूला तोंड करून असते आणि रेडिएटर समोरच राहतो. पट्टा तिथवर वळवणं सोपं नव्हतं. पंख्याला वीजमोटर दिली गेली, आणि तो गरजेपुरताच, पाणी तापल्यावर फिरू लागला. तेव्हापासून अशा मोटारींतल्या पट्ट्याच्या नावात पंखा आहे, कामात नाही.

कामं मात्र वाढतच गेली. एसीचा कंप्रेसर आला, पॉवर स्टेअरिंगचा पंप आला. प्रत्येकाला वेगळा व्ही-बेल्ट दिला तर इंजिनापुढे तीन-तीन पट्टे एकापुढे एक, आणि सर्वांत आतला बदलायचा तर बाहेरचे दोन्ही काढायचे. त्यावरचा तोडगा १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये दिसला: एकच लांब पट्टा, सगळ्या पुल्यांभोवती नागमोडी फिरणारा. व्ही-बेल्ट जाड, म्हणून लहान पुलीवर वाकताना तापतो. नवा पट्टा पातळ केला आणि एका मोठ्या पाचरीऐवजी त्याच्या पोटाला सहा-सात बारीक पाचरी ओळीने दिल्या. पातळ असल्याने तो पाठीकडूनही वाकतो, पाठीनेही पुली फिरवतो. त्यावर छापलेलं '६ पीके' म्हणजे सहा शिरा, दोन शिरांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, पुढचा आकडा मिलिमीटरमध्ये लांबी.

आणि ताण? तो आता स्प्रिंगकडे गेला. टेन्शनर नावाचा हात एक गुळगुळीत पुली घेऊन पट्ट्याच्या पाठीवर सतत रेलून असतो. पट्टा लांबला की तो आणखी पुढे येतो. पाण्याने केलं, कात्रीने केलं, खाचेने केलं, ते काम आता स्प्रिंग करते. ही चौथी रीत.

शेडमधली तपासणी

मिस्त्रींनी इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली, मग टॉर्च मारला. निओप्रीनचा पट्टा म्हातारा झाला की त्याला आडव्या भेगा पडायच्या. बोटाच्या दोन पेरांत तीन-चार भेगा दिसल्या की बदला, असा साधा नियम होता. या शतकाच्या सुरुवातीपासून जो ईपीडीएम रबराचा पट्टा आला, तो सहसा भेगा दाखवत नाही. तो टायरसारखा झिजतो. शिरांच्या मधल्या खाचा रुंद होत जातात, पाचर भिंतींना दाबायची सोडून पुलीच्या तळाला टेकते, आणि पाच-दहा टक्के झिजेतही पकड सुटू लागते. डोळ्यांना पट्टा धडधाकट दिसतो. म्हणून मिस्त्रींनी प्लास्टिकची एक छोटी मापपट्टी काढली आणि खाचेत घातली. ती शिरांच्या वर राहायला हवी होती. ती आत बसली आणि शिरांच्या पातळीलाच गेली. "आता बगा," ते म्हणाले, "दिसतंय नवा, खाल्लाय सगला."

उरण-पनवेलकडे पट्टा लवकर झिजतो, त्याची कारणं शेडच्या दारातच उभी होती. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि या रस्त्यांवर अवजड वाहतूक आली. खडी आणि भरावाची धूळ उडते, शिरांमध्ये रुतते आणि कानसेसारखी घासते. खाडीची खारी हवा उभ्या गाडीच्या पुलीवर गंज चढवते. वर चार महिने पाऊस. पट्टा वाजतो म्हणून काही जण त्यावर साबण घासतात, मेणबत्ती घासतात. आवाज थोडा वेळ बसतो, घसरणं तसंच राहतं, आणि दुखणं झाकलं जातं.

काढण्याआधी त्यांनी मोबाइलवर पट्ट्याच्या वाटेचा फोटो घेतला. नागमोडी वाट डोक्यात ठेवू नये, एक वळण चुकलं तर पंप उलटा फिरतो. मग लांब दांड्याचा रिंगपाना लावून टेन्शनर मागे ओढला आणि गुळगुळीत पुलीवरून पट्टा अलगद उतरवला. त्यानंतर त्यांनी जे केलं ते घाईत सर्रास राहून जातं. एकेक पुली बोटाने फिरवली, कान जवळ नेऊन ऐकली. आयडलरची, म्हणजे पट्ट्याला नुसती वाट देणारी, पुली खरखरली. टेन्शनरचा हात सोडला तर मध्येच अडखळत परत आला. नुसता पट्टा बदलला असता तर तोही काही महिन्यांत असाच ओरडला असता, म्हणून आयडलर आणि टेन्शनर दोन्ही नवे बसवले. ताण पट्ट्यात नसतो, पट्ट्याला धरणाऱ्यांत असतो.

नवा पट्टा जुन्याशेजारी धरून दोन्हींची लांबी ताडली, शिरा मोजल्या, पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ केल्या. पट्टा क्रँकपासून लावत आणला, सर्वांत शेवटी गुळगुळीत पुलीवर चढवला. बोट फिरवून प्रत्येक शीर आपापल्या खाचेत बसल्याची खात्री केली, कारण एक शीर बाहेर राहिली तर पट्टा तासाभरातही फाटू शकतो. पान्याने इंजिन हातानेच दोन फेरे फिरवलं. मग किल्ली दिली. आवाज नव्हता.

हा पट्टा वाटेत तुटला तर काय, असं मी विचारलं. आधी बॅटरीचा दिवा लागतो, जुन्या जातीचं पॉवर स्टेअरिंग असेल तर ते जड होतं, आणि पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर तापमानाचा काटा चढतो. पोचू म्हणून रेटायचं नाही, गाडी कडेला घ्यायची. पंपाशिवाय थोडंच अंतर तोडलं तरी इंजिनाचं नुकसान पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

पुढची पिढी

या कुळाला पुढे दोन वाटा दिसतात. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनची विजेवर चालणारी आवृत्ती २०२० साली आली. तिच्या बॉनेटखाली हा पट्टाच नाही. इंजिन नाही, क्रँक नाही, एसीच्या कंप्रेसरला स्वतःची मोटर. गिरणीत जे झालं तेच मोटारीत होतं आहे: यंत्रागणिक मोटर आली की वाटप करणाऱ्या पट्ट्याचं काम संपतं. दुसरी वाट उलटी आहे. २०१५ च्या सियाझ डिझेलपासून मारुतीने अल्टरनेटरच्या जागी असं यंत्र बसवलं की ते वीज तयारही करतं आणि गरज पडली तर त्याच पट्ट्याने इंजिनाला ढकलतंही. आजवर फक्त देणारा पट्टा तिथे घेऊही लागला. दोन्ही बाजूंनी ओढ आली, म्हणून त्याला आणखी कणखर बांधा आणि आणखी जागरूक टेन्शनर लागला.

माझ्या गाडीशेजारी एक जुना ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या इंजिनापुढे मोठा पंखा, आणि त्याला फिरवणारा एकुलता व्ही-बेल्ट. त्या पट्ट्याचं नाव अजून पुरतं खरं आहे. मिस्त्रींच्या तोंडी दोघांनाही एकच शब्द, आणि आता मला तो चुकीचा वाटला नाही. त्या शब्दाने आपली सुरुवात सांभाळून ठेवली आहे, इतकंच.

पैसे देताना पाहिलं, तर बॉनेट लावण्याआधी मिस्त्री पुन्हा एकदा आत वाकले होते. टेन्शनर नवा होता, ताण स्प्रिंगने घेतला होता, तपासायचं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी दोन पुल्यांच्या मधोमध अंगठा ठेवला, पट्टा दाबून पाहिला, आणि मगच बॉनेट खाली घेतलं.